खरा वायट अर्प

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी चुकलं तर सांभाळून घ्या! परवा होस्टेलवर १९५७ चा 'गनफाइट ॲट द ओ.के. कोराल' पाहिला. गुरंचोर रँचवाले, त्यांना विकला गेलेला शेरीफ आणि सगळ्यांना पुरून उरणारा मार्शल वायट अर्प. आम्ही टाळ्या पिटल्या. मग मी त्याचं खरं चरित्र वाचलं...

वायट १८४८ साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये जन्मला. १८७१ मध्ये घोडेचोरीचा आरोप चक्क त्याच्यावरच होता! पुढे तो कॅन्ससमध्ये पोलिसात लागला, नंतर ॲरिझोनातल्या टूमस्टोनला गेला. तिथले काही रँचवाले चोरीची गुरं खपवायचे. २६ ऑक्टोबर १८८१ ला चकमक झाली, अर्ध्या मिनिटात तिघं मेले. पण गावचा मार्शल होता त्याचा भाऊ व्हर्जिल. वायट फक्त मदतीला होता. १८८२ मध्ये धाकट्या मॉर्गनचा खून झाला. तेव्हा मात्र, स्वतः डेप्युटी मार्शल असूनही, वायटने कोर्टाची वाट न बघता संशयितांना गोळ्या घातल्या. त्याच्याच नावाने वॉरंट निघालं! शिक्षा कधीच झाली नाही. १९२९ मध्ये तो लॉस एंजेलिसला वारला.

आता प्रश्न पडलाय, आम्ही टाळ्या नक्की कशाला वाजवल्या? कायद्याला की बंदुकीला?