अबुल कासिम अज-जहरावी : पुरुषांच्या झाकल्या दुखण्यावर उघडपणे लिहिणारा हकीम

एसटी स्टँडच्या मुतारीत, रेल्वेच्या डब्यात, पुलाखालच्या भिंतीवर एक जाहिरात हमखास दिसते. वर 'गुप्तरोग' असं मोठ्या अक्षरात, खाली मोबाइल नंबर. पुरुषाच्या लघवीच्या जागी जखम झाली, खाज सुटली, पू यायला लागला की आपल्याकडचा माणूस डॉक्टरकडे न जाता आधी हा नंबर लावतो. बायकोला सांगत नाही, भावाला सांगत नाही. अशा माणसांसाठी हजार वर्षांपूर्वी एका मोठ्या हकिमाने काय लिहून ठेवलं, ते आज सांगायचं आहे.

अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अज-जहरावी हे त्यांचं पूर्ण नाव. युरोपने त्यांना अल्बुकासिस म्हटलं. स्पेनमधल्या कुर्तुबा, म्हणजे आजच्या कॉर्डोबा शहराजवळ खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी इ.स. ९३६ च्या सुमारास मदीनतुज-जहरा नावाचं राजनगर वसवायला घेतलं. जहरावींचा जन्मही त्याच सुमाराचा, त्याच गावचा. गावावरूनच त्यांना जहरावी म्हणतात. बादशहांच्या वंशावळी इतिहासकारांनी पानं भरभरून लिहिल्या, या हकिमाच्या घरादाराबद्दल मात्र दोन-चार ओळींपलीकडे काही येत नाही. १०१० मध्ये अंदलूसच्या यादवीत ते राजनगर लुटलं गेलं. १०१३ च्या सुमारास जहरावींचा इंतकाल झाला. आपलं गाव उद्ध्वस्त झालेलं त्यांनी म्हातारपणी पाहिलं असणार.

मागे राहिली ती किताब. 'अत-तसरीफ' हे तिचं थोडक्यातलं नाव. तीस भागांचा हा ग्रंथ त्यांनी साधारण इ.स. १००० मध्ये पुरा केला. त्यात औषधं आहेत, आहार आहे, पण जगात नाव झालं ते तिसाव्या भागामुळे. तो भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं आहेत. शागीर्दांना ते आपल्या मुलांसारखं संबोधतात आणि शिकवतात. मी स्वतः मास्तर असल्यामुळे असेल, पण मला ही शिकवण्याची पद्धत फार भावते. नुसतं काय करा हे सांगून ते थांबत नाहीत. कुठे हात लावू नका, हेही सांगतात.

याच भागात पुरुषाच्या इंद्रियाच्या दुखण्यांवर लागोपाठ प्रकरणं आहेत. एक प्रकरण शिश्नाच्या टोकावर आणि त्यावरच्या कातडीवर येणाऱ्या फोडांचं, चामखिळींचं, सडण्याचं. पहिली गोष्ट ते सांगतात ती ओळखण्याची. फोड साधा आहे की दुष्ट जातीचा, हे आधी बघायचं. साधा असेल तर बारीक आकड्याने उचलून कापायचा, जागा स्वच्छ करायची, मलमात भिजवलेला कापूस ठेवायचा. काळा पडलेला, पसरणारा असेल तर कापून वर डाग द्यायचा. सुंता न झालेल्या माणसाला कातडीच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडे फोड असतील तर आधी आतले काढा, ती जखम भरू द्या, मग बाहेरच्यांना हात घाला, असं ते बजावतात. दोन्ही एकदम काढले तर कातडीला आरपार भोक पडेल. ही सूचना वाचली की कळतं, या माणसाने असे रोगी जवळून पाहिले आहेत.

सडलेला भाग काढल्यावर मध, त्यात डाळिंबाच्या सालीची पूड आणि कडधान्याचं पीठ असा लेप ते सांगतात. टोक फारच खाल्लं गेलं असेल तर मूत्रमार्गात शिशाची बारीक नळी ठेवायची, म्हणजे रोग्याला लघवी करता येईल. शिसं विषारी असतं हे आज आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे हा इलाज आता कोणी करू नये. कातडी टोकाला चिकटली असेल तर हळूहळू सोडवायची आणि मध्ये थंड पाण्यात भिजवलेलं तलम कापड ठेवायचं, परत चिकटू नये म्हणून.

पुढचं प्रकरण खतन्याचं. त्या काळी हज्जाम वस्तरा, कैची, दोरा असं नाना प्रकारे खतना करत. जहरावींनी कैची पसंत केली. मूल घाबरू नये म्हणून कैची अस्तनीत लपवून ठेवा, इतकी बारीक सूचना त्यात आहे. नंतर लघवी तुंबण्यावर प्रकरण येतं. त्यात चांदीची गुळगुळीत, पोकळ, पक्ष्याच्या पिसाच्या दांडीसारखी बारीक नळी तेल लावून कशी घालायची, इंद्रिय आधी वर कसं धरायचं आणि मग खाली कसं आणायचं, सगळं क्रमाने आहे. मूत्राशयात जखम असेल, पू साचला असेल तर आत औषध सोडायला चांदीची किंवा हस्तिदंताची पिचकारी, तिच्या टोकाला तीन भोकं. खडा मूत्रमार्गात अडकला तर त्याच्या मागे दोरा बांधायचा, म्हणजे तो परत मूत्राशयात सरकणार नाही, आणि मग बारीक गिरमिटाने फोडायचा. आज इस्पितळात कॅथेटर म्हणतात ती नळी याच घराण्यातली.

अडाणी वैदूंवर मात्र त्यांचा फार राग. एका म्हाताऱ्याच्या मूत्राशयात मोठा खडा होता. जहरावींना बोलावलं होतं. खड्याचा आकार आणि रोग्याची तब्येत पाहून, यात तो मरेल असं त्यांनी ओळखलं. दुसऱ्या एका जाणकार म्हणवणाऱ्याने खडा काढला, सोबत मूत्राशयाचा तुकडाही आला. म्हातारा तीनेक दिवसांत गेला. हा किस्सा जहरावींनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच लिहिला आहे. भिंतीवरच्या नंबरवाल्यांना तो वाचून दाखवावा असं वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. जहरावींना जंतू माहीत नव्हते. उपदंश, म्हणजे गरमी, युरोपात गाजली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस, त्यांच्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी. त्यामुळे त्यांचे लेप आज घरी करायचे नाहीत. पण आधी रोग ओळखा, ही त्यांची रीत आजही तशीच लागू आहे. लघवीला जळजळ आणि घट्ट पू असेल तर तो बहुधा परमा. एकच फोड, कडक, न दुखणारा, तर गरमीची शंका घ्यायची. हा फोड औषधाशिवाय आपोआप भरतो आणि माणूस खूष होतो, पण रोग रक्तात राहिलेला असतो. दुखणारे, पाण्याने भरलेले बारीक फोड वारंवार येत असतील तर तो बहुधा हर्पिस. टोकावर लाल चट्टे, खाज, कातडीला चिरा असतील तर बुरशी. अशा माणसाने रक्तातली साखर जरूर तपासावी, मधुमेहाचा पत्ता कित्येकदा इथेच लागतो. अंडकोश अचानक सुजून खूप दुखायला लागला तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री इस्पितळ गाठा. सरकारी इस्पितळांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तपासणी आणि औषध तिथे मोफत मिळतं, नाव बाहेर जात नाही. लैंगिक संबंधातून येणारा रोग असेल तर बायकोलाही तपासून औषध द्यावंच लागतं, नाहीतर तोच रोग परत घरात फिरतो. ही गोष्ट पुरुष सगळ्यात जास्त टाळतात, आणि भोगतात बायका.

लाज कसली, हे मला कधी समजलं नाही. फिकहच्या किताबांत पहिला बाब तहारतचा असतो. लघवी, इस्तिंजा, गुस्ल सगळं मदरशातल्या पोराला तोंडपाठ. तेच पोर मोठं झाल्यावर जागेवर जखम झाली तर महिनाभर गप्प बसतं. जहरावीही त्याच तालमीत वाढलेले, पण त्यांनी कुठे शब्द चोरला नाही.

बाराव्या शतकात तोलेदोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने तिसावा भाग लॅटिनमध्ये नेला. पुढे कित्येक शतकं युरोपचे शल्यवैद्य त्यावर शिकले. फ्रान्सचा गी द शोलियाक त्यांचा हवाला पुनःपुन्हा देतो. तुर्कस्तानात अमास्याच्या शरफुद्दीन साबुनजूओग्लू यांनी १४६५ मध्ये त्याच्या आधारावर तुर्की ग्रंथ लिहिला, त्यात रोगी आणि हकीम दोघांचीही रंगीत चित्रं काढली.

मदीनतुज-जहराचे अवशेष १९११ पासून खणून काढले जात आहेत आणि २०१८ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे जाणं आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. पण 'अत-तसरीफ'ची हत्यारांच्या चित्रांसह एक जुनी हस्तलिखित प्रत आपल्या देशातच, पाटण्याच्या खुदा बख्श लायब्ररीत आहे.