डॉ. फ्रित्यॉफ नान्सेन

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील मुलांस चालणें नवें नाहीं. माहुलीचा गड चढणाऱ्यास, अथवा नाणेघाटाच्या वाटेनें जुन्नरकडे जाणाऱ्यास पायांची व दमाची किंमत कोणी सांगावी लागत नाहीं. परंतु ज्या देशांत वर्षाचे कित्येक महिने रस्ता, शेत व कुंपण हीं सारीं बर्फाखालीं गडप होतात, तेथें माणसानें चालावें कसें? नॉर्वे देशाच्या लोकांनीं या प्रश्नाचें उत्तर फार प्राचीन काळीं शोधून काढलें. लांकडाच्या लांब, अरुंद व पुढील टोंकास वर वळलेल्या दोन फळ्या पायांस बांधून ते बर्फावरून सरकत चालतात. या फळ्यांस स्की म्हणतात. त्यांवरून लांब पल्ल्याच्या शर्यतीहि होतात, व १९२४ सालापासून हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत त्यांस स्थान मिळालें आहे. या विद्येंत निपुण असलेल्या, परंतु शर्यतीच्या बक्षिसावर समाधान न मानलेल्या एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

फ्रित्यॉफ नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजीं, ज्यास हल्लीं ऑस्लो म्हणतात त्या शहराजवळ झाला. वडील वकील असून शिस्तीचे कडक होते. आईस स्वतः स्कीचा नाद होता. मुलगाहि लहानपणापासून रानावनांत रमला, व तरुणपणीं शर्यतींत उतरून त्यानें नांव मिळविलें. पुढें प्राणिशास्त्राचा अभ्यास करून नान्सेन बर्गेन येथील संग्रहालयांत नोकरीस राहिले. तेथें असतां १८८४ च्या हिवाळ्यांत राजधानीजवळील शर्यतीस जावयाचें म्हणून ते मधली सारी डोंगररांग स्कीवरून ओलांडून गेले. एवढें चालून जाऊन मग शर्यतींत उतरणारा मनुष्य कोणत्या धातूचा असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. अभ्यासाकडेहि त्यांचें दुर्लक्ष नव्हतें. मज्जातंतूंच्या रचनेवर निबंध लिहून १८८८ सालीं त्यांनीं डॉक्टर ही पदवी संपादन केली.

त्याच सालीं ग्रीनलंड हें हिमाच्छादित बेट आडवें ओलांडण्याचा बेत त्यांनीं तडीस नेला. त्यापूर्वींच्या प्रवाशांनीं पश्चिमेकडील वस्तीच्या किनाऱ्यावरून आंत शिरून पाहिलें होतें. संकट येतांच ते मागें फिरत. नान्सेन यांनीं उलट विचार केला. पूर्व किनारा निर्जन. तेथून निघाल्यास परतून जावयाचें कोठें? पुढें गेलें तरच वांचावयाचें. अनेकांनीं या बेतास वेडेपणा ठरविलें. सहा जणांची ही तुकडी जहाजांतून उतरली ती वाहत्या बर्फांत सांपडली, व सुमारें बारा दिवस दक्षिणेकडे वाहत गेली. अखेर १५ ऑगस्टच्या सुमारास खरी चढाई सुरू झाली. आपल्या महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. या मंडळींनीं २७१९ मीटर उंचीपर्यंत गाड्या ओढीत नेल्या. रात्रीं थंडी शून्याखालीं ४५ अंशांपर्यंत जाई. ३ ऑक्टोबर रोजीं नान्सेन पश्चिम किनाऱ्यावरील गांवीं पोहोंचले. सहाहि जण सुखरूप होते. तों वर्षाचें शेवटचें जहाज निघून गेलेलें. मग तो हिवाळा त्यांनीं तेथील इन्युइट लोकांत घालविला, व बर्फांत जगण्याची त्यांची विद्या शिष्य होऊन शिकून घेतली.

ती विद्या पुढील सफरींत उपयोगी पडली. बर्फाचा दाब पडला असतां चिरडून न जातां वर उचललें जाईल, असें गोलसर बांध्याचें फ्राम नांवाचें जहाज बांधवून १८९३ सालीं ते तेरा जणांनिशीं उत्तरेकडे निघाले. जहाज मुद्दाम बर्फांत अडकवून प्रवाहाबरोबर ध्रुवाकडे जावयाचें, असा हा बेत होता. जहाज ध्रुवावर जात नाहीं असें दिसतांच १४ मार्च १८९५ रोजीं नान्सेन व त्यांचे सोबती योहान्सेन हे कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले, व ८६ अंश १४ कलांपर्यंत पोहोंचले. तोपर्यंत इतक्या उत्तरेस कोणीहि गेलें नव्हतें. परंतु पुढें गेल्यास परत येणें अशक्य, हें ओळखून ते मागें वळले. ग्रीनलंडांत ज्यांनीं परतीची वाट ठेवली नाहीं, त्यांनींच येथें परतण्याचा निश्चय केला. आमच्या मतें या दोन निर्णयांत विरोध नाहीं; दोन्ही ठिकाणीं जिवांचा हिशेब डोळसपणें केलेला होता. दगड व वालरसचीं कातडीं यांच्या खोपटांत दोघांनीं एक सबंध हिवाळा काढला. १८९६ सालीं ते स्वदेशीं परतले, व मागोमाग फ्राम जहाजहि आलें. तेरापैकीं एकहि दगावला नाहीं.

यापुढें विश्रांति घेतली असती तरी कीर्ति उणी झाली नसती. परंतु पहिलें महायुद्ध संपलें, तेव्हां लक्षावधि युद्धकैदी परमुलखांत कुजत पडले होते. राष्ट्रसंघानें १९२० सालीं तें काम नान्सेन यांजकडे सोंपविलें. दोन वर्षांत सुमारें सवाचार लक्ष कैदी त्यांनीं घरोघरीं पोहोंचविले. १९२१ सालीं रशियांत घोर दुष्काळ पडला. तेथील राज्यपद्धति आवडत नाहीं म्हणून सरकारांनीं हात आंखडला; नान्सेन यांनीं धर्मादाय संस्थांकडून धान्य मिळविलें. पुष्कळांचे प्राण वांचले, पण लक्षावधि लोक मेले, व ही खंत त्यांस होतीच.

क्रांतीनंतर देश सोडलेल्या रशियन लोकांची स्थिति तर विलक्षण होती. त्यांचे जुने दाखले रद्द झाले. दाखला नसल्यामुळें कोणतेंहि राष्ट्र त्यांस आंत घेईना. १९२२ सालीं नान्सेन यांनीं त्यांच्याकरितां एक ओळखपत्र काढलें, व पुढें पन्नासाहून अधिक सरकारांनीं तें मान्य केलें. त्यास नान्सेन पासपोर्ट म्हणत. मुरबाडकरांस कल्याणच्या वाटेवर उल्हासनगर लागतें. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निराश्रितांच्या छावणीवर वसलेलें हें शहर आहे. घरदार गेलें तरी त्या लोकांस आपलें म्हणणारा देश होता. तोहि नसता तर काय झालें असतें, हें मनांत आणावें, म्हणजे त्या कागदाचें मोल कळेल.

१९२२ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. ती रक्कम त्यांनीं पीडितांच्या साह्यार्थ दिली. आर्मेनियन निर्वासितांसाठीं मात्र हव्या तितक्या पैशांची तजवीज त्यांस शेवटपर्यंत करतां आली नाहीं. १३ मे १९३० रोजीं ते मरण पावले. निर्वासितांची सेवा करणारांस त्यांच्या नांवें १९५४ सालापासून सन्मान दिला जातो.

शर्यतींत धांवणारा आपल्यापुरता धांवतो, व त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तेथें कमावलेला दम, थंडी सोसण्याची संवय व दुसऱ्याच्या जिवाचा हिशेब ठेवण्याची बुद्धि नान्सेन यांनीं पुढें अशा लोकांच्या कामीं लावली, कीं ज्यांस चालावयास पाय होते, पण जावयास ठिकाण नव्हतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं क्रीडांगणावर घाम गाळतांना हें चरित्र आठवावें, एवढीच आमची इच्छा आहे.