विश्लेषण : हवेत संदेशांची टक्कर झाली तर? मार्कोनींना छळणारा प्रश्न वायफाय कसा हाताळते?

घरातील दोन मोबाइलनी वायफायवर एकाच क्षणी संदेश सोडले, तर लहरी एकमेकींत मिसळतात आणि दोन्ही संदेश वाया जाऊ शकतात. बिनतारी संदेशवहनाचे प्रणेते गुलिएल्मो मार्कोनी यांनाही या टकरीने छळले होते.

मार्कोनींनी काय केले?

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्याचा. १८९५ मध्ये त्यांनी घरामागच्या टेकडीपलीकडे बिनतारी संदेश पोहोचवला आणि पुढच्या वर्षी इंग्लंड गाठले. अडचण लवकरच लक्षात आली. एकाचे यंत्र सुरू असताना दुसऱ्याचा संदेश बिघडे. त्यावर उपाय म्हणून १९०० मध्ये त्यांनी ७७७७ क्रमांकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. प्रक्षेपक आणि ग्राहक यंत्र एकाच तरंगलांबीवर जुळवायचे, ही त्यातली युक्ती. ऑलिव्हर लॉज यांचे अशाच तंत्राचे पेटंट आधीचे होते. मार्कोनी कंपनीने १९११ मध्ये ते विकत घेतले.

मग टक्कर थांबली का?

नाही. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नौका शर्यतीत मार्कोनी कंपनी आणि प्रतिस्पर्ध्यांचे संदेश एकमेकांत मिसळून बातम्यांचा गोंधळ उडाला. जहाजे तर मोजक्याच ठरावीक तरंगलांबींवर बोलत. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवरील मार्कोनी कंपनीचे ऑपरेटर जॅक फिलिप्स दूरच्या केप रेस केंद्राशी संपर्कात होते. मध्येच जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाचा बर्फाबाबतचा संदेश कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात धडकला. फिलिप्स यांनी त्यांना गप्प राहण्यास सांगितले. कॅलिफोर्नियनच्या ऑपरेटरने नंतर यंत्र बंद केले. काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळले. सुमारे १,५०० जण मरण पावले. त्यानंतर जहाजांवर २४ तास रेडिओ पहारा आणि परवान्यांचे नियम आले.

वायफायला टक्कर कळते का?

थेट नाही. संदेश पाठवताना उपकरणाचा स्वतःचाच सिग्नल इतका प्रबळ असतो, की त्यात दुसऱ्याचा क्षीण सिग्नल बुडून जातो. म्हणून वायफाय आधी कानोसा घेते, चॅनेल मोकळे झाले की काही सूक्ष्म क्षण थांबते आणि मग पाठवते. थांबण्याचा काळ प्रत्येक उपकरण यादृच्छिक पद्धतीने ठरवते. पोच आली नाही, तर संदेश पोहोचला नाही असे मानून थांबण्याची कमाल मर्यादा वाढवते आणि पुन्हा प्रयत्न करते.

मार्कोनींची अखेर

१९०९ मध्ये त्यांना कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. श्रद्धांजली म्हणून ब्रिटनमधील रेडिओ केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली.