पंडिता रमाबाईंचे उघडे दार

ऑगस्ट १८९३ मध्ये पुण्यातील वृत्तपत्रांत एक पत्र प्रसिद्ध झाले. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी शारदा सदन या संस्थेशी असलेला आपला संबंध संपल्याचे त्यात जाहीर केले होते. सदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई विधवा मुलींना शिक्षणाच्या निमित्ताने ख्रिस्ती धर्माकडे वळवीत आहेत, असा आरोप 'केसरी'ने लावून धरलेला होता. आता रमाबाईंचे सर्वांत मोठे पाठीराखेही बाजूला झाले. थोड्याच दिवसांत वीसहून अधिक मुलींना त्यांच्या पालकांनी सदनातून काढून नेले.

वादाचे मूळ पाहिले तर ते एका दारापाशी पोहोचते. सदनाच्या वर्गांत ख्रिस्ती धर्म शिकवला जात नव्हता. मुलींना आपापले सोवळे, व्रते आणि पूजा पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत कन्या मनोरमेसह प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. ते दार बंद करावे, मुलींना तेथे येऊ देऊ नये, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मान्य केली नाही. कोणाला बोलवायचे नाही आणि आलेल्याला हाकलायचेही नाही, ही त्यांची भूमिका होती. ज्या घरात हिंदू मुलीला तिची पूजा उघडपणे करता येते, तेथे ख्रिस्ती बाईने आपली प्रार्थना लपून का करावी, हा त्यांचा सवाल होता.

हा ताठपणा त्यांच्या घरातूनच आला होता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. स्त्रीला देववाणी शिकवली म्हणून उडुपीच्या विद्वानांपुढे उभे राहून त्यांना शास्त्राधारे उत्तर द्यावे लागले. लोक काय म्हणतील यापेक्षा आधार काय आहे हे विचारायचे, हा धडा मुलीने असा जन्मापासूनच घेतला. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास यांनी पुराणे सांगत देशभर पायपीट केली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी वेगळ्या जातीच्या बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या आणि कडेला तान्ही मुलगी होती.

पुण्याने त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या मठात राहिल्या. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होणे मात्र शक्य झाले नाही. लंडनमधील फुलहॅम येथे याच भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवीत. वाट चुकलेल्या बाईला कोणी हात देते, हे दृश्य रमाबाईंना नवे होते. हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखवण्यात आली. नेहेम्या गोरे या मराठी ख्रिस्ती पंडिताच्या लेखनाने त्यांच्या शंकांना वाट मिळाली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात संतापाची लाट उठली. ज्यांनी गौरव केला होता, त्यांना हा विश्वासघात वाटला. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार' या पुस्तिकेतून रमाबाईंची बाजू मांडली.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना या चरित्रातील पुढचा भाग अधिक जवळचा वाटावा. बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाई आपल्या झाल्या, आता त्या सांगू तसे वागतील, असा चर्चमधील वडीलधाऱ्यांचा समज होता. तो लवकरच खोटा ठरला. येशूचे देवत्व आणि त्रैक्य यांविषयीचे सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून त्या मान्य करीनात. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी पत्रांतून नेटाने वाद घातला. बाईने पुरुषांना शिकवू नये, या हिंदुस्थानातील बिशपांच्या आक्षेपावर त्या रागावल्या. गळ्यातील क्रूसावर लॅटिन मजकूर कशाला, संस्कृत का नको, असा प्रश्न त्यांनी केला. शाकाहार सोडला नाही. पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटत आणि वाँटेजला पुरेशा ख्रिस्ती वाटत नसत. दोन्ही ठिकाणी त्यांचे उत्तर एकच होते: ही श्रद्धा मी स्वतः विचार करून स्वीकारली आहे आणि तिच्याविषयी जाब देण्यास माझी सद्‌सद्विवेकबुद्धी पुरेशी आहे.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. पुढील वर्षी हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक साह्याची हमी दिली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. शाळेत धर्म शिकवला जाणार नाही, हे वचन आरंभापासून होते. म्हणूनच १८९३ चा प्रश्न केवळ पूर्वग्रहाचा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रानडे आणि भांडारकर यांच्या शब्दावर विसंबून अनेकांनी आपल्या मुली तेथे पाठवल्या होत्या. अजाण मुलीच्या धर्माचा निर्णय पालकांच्या परवानगीविना होऊ नये, ही त्यांची चिंता गैर म्हणता येत नाही. पुढच्या काळात सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा टीकाकारांना आपले भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले.

पण त्याच सदनात गोदूबाई नावाची एक बालविधवाही शिकत होती. त्या उघड्या दाराजवळून ती वर्षानुवर्षे ये-जा करीत राहिली आणि हिंदूच राहिली. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. महाराष्ट्र तिला बाया कर्वे म्हणून ओळखतो. उघडे दार म्हणजे सक्ती नव्हे, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

सल्लागार गेले, मुली गेल्या, तरी सदन बंद पडले नाही. बोस्टनची असोसिएशन पाठीशी उभी राहिली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगाव येथे 'मुक्ती' उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या सुमारे २,००० झाली. शेती, विणकाम, छपाई ही कामे स्त्रिया स्वतः करीत. येथे मात्र ख्रिस्ती धर्म उघडपणे शिकवला जाई. झाकपाक करण्याचे कारण उरले नव्हते.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंडितांची मराठी अंगवळणी असूनही खेड्यातील बाईला समजेल अशी सोपी भाषा त्यांनी निवडली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्या दुःखातही काम चालू राहिले आणि ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावलाच देह ठेवला.

दुसऱ्या देशात राहताना आपली श्रद्धा, मग ती कोणतीही असो, केव्हा ना केव्हा चारचौघांत तपासली जाते. अशा वेळी गप्प बसणे सोपे असते आणि चिडून उठणेही सोपे असते. रमाबाईंनी याहून अवघड गोष्ट केली. त्यांनी प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले, त्या उत्तराची किंमत मोजली आणि शेजारच्या खोलीतील पूजेला धक्का न लावता आपले दार उघडे ठेवले.