डॉ. सलीम अली : पाखरांचा अभ्यास आणि माणसाची ओळख

विद्यार्थी मित्रहो, पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी नाही आणि माणूस हा असंख्य सजीवांपैकी एक आहे, असे विज्ञान आपणांस शिकवते. ते ऐकून एखाद्याच्या मनात येते की, मग आपण कोण? आपल्या जगण्याला अर्थ तो कोणता? या प्रश्नाचे उत्तर एका थोर माणसाच्या आयुष्यात शोधता येते.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते धाकटे. तीन वर्षांचे होईतो आईवडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. पालकहो, मामांनी मुलाला गप्प बसवले नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्ष्याचे नाव सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. त्या दिवसाने आयुष्याला दिशा दिली.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. विद्यापीठाची पदवी नाही. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात काही वर्षे गेली. नंतर मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. बर्लिनला जाऊन प्रा. स्ट्रेसमान यांच्या हाताखाली ते शिकले. १९३० साली परतले तर ती जागाच रद्द झालेली! तेव्हा पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्याचे निरीक्षण करू लागले. आपण मराठीत 'ती सुगरण' म्हणतो. परंतु खोपा विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की मादी येऊन पारखते, पसंत पडला तरच घर मांडते. मग नर तो पुरा करतो आणि दुसरा विणायला घेतो. नोकरी गेलेल्या माणसाने तासन्‌तास बसून टिपलेल्या या नोंदींनी त्यांचे नाव झाले.

१९३९ साली तहमिनाबाई वारल्या. त्या दुःखातही काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. पुढे रिप्ली यांच्यासह दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. १९५९ पासून त्यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्यात आली. इथे कडे घातलेली पाखरे दूर सोव्हिएत प्रदेशात सापडली. पदवी नसलेल्या या माणसाला १९५८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व लाभले. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले.

एक गोष्ट लपवू नये. दिखाऊ धार्मिकतेचा त्यांना तिटकारा होता आणि तसे त्यांनी आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले. त्यांचे प्रत्येक मत आपणांस पटेलच असे नाही. तथापि पवित्र कुरआनाच्या सूरह अनआममध्ये पशुपक्ष्यांनाही माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे, हे आपण जाणतो. त्या उम्मतींची ओळख करून घेण्यात या माणसाने सारे आयुष्य वेचले. विज्ञानाने माणसाला मध्यावरून बाजूला केले खरे, पण त्याला लहान केले नाही. सुगरण खोपा विणते. तो खोपा समजून घेणे आणि त्याचे झाड राखणे हे माणसालाच जमते. आपली ओळख या जबाबदारीत आहे.

आपल्या गंगापूर रोडने पश्चिमेस गेले की गंगापूर धरण लागते. तीच गोदावरी शहर ओलांडून निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला कादवेस मिळते. या पाणथळीला डॉ. अलींनी महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. २०२० साली रामसर स्थळ म्हणून घोषित झालेले ते राज्यातले पहिले ठिकाण. हिवाळ्यात तेथे परदेशी पाखरे उतरतात. पालकहो, एका रविवारी मुलांना तिकडे न्या. मुलाने विचारलेल्या पक्ष्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, तर अमिरुद्दीन मामांप्रमाणे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे मुलाला घेऊन जा.