चुंबकाचा तराजू करणारा माणूस

शांतिस्वरूप भटनागर हे नाव आपण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका पुरस्कारापुरतं पाठ करतो. माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती सेमिनारमुळे. विषय होता, एम.आर.आय.साठी वापरायचे धातूच्या ऑक्साईडचे नॅनोकण.

थोडक्यात सांगतो. एम.आर.आय.चं मशीन शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल टिपतं. आयर्न ऑक्साईडचे अतिसूक्ष्म कण शिरेतून दिले की निरोगी यकृतातल्या कुफर पेशी ते गिळतात. हे कण आसपासचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतात, सिग्नल लवकर विझतो आणि तो भाग काळा दिसतो. कर्करोगाच्या गाठीत या पेशी सहसा नसतात, म्हणून गाठ उजळ राहते, चटकन दिसते. असं एक औषध अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालं होतं. पुढे ते बाजारातून गेलं, पण संशोधन थांबलेलं नाही. सगळा खेळ एकाच प्रश्नाचा: कुठला पदार्थ चुंबकाला किती दाद देतो? हेच मोजण्याचं वेड भटनागरांना होतं.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ चा, भेरा गावचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे. आठ महिन्यांचे असताना वडील गेले. पोर आजोळी वाढलं. आजोबा इंजिनिअर, त्यामुळे बॅटऱ्या आणि दोरीचे टेलिफोन करण्याचा नाद लहानपणीच लागला. लाहोरला शिकले, लंडनला प्रा. डोनन यांच्या हाताखाली १९२१ मध्ये डी.एस्सी. झाले आणि परत येऊन बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्या विद्यापीठाचं कुलगीत त्यांचंच! केमिस्ट्रीचे सर आणि कवीसुद्धा!

१९२४ साली ते लाहोरला गेले. तिथे १९२८ मध्ये के. एन. माथुर यांच्याबरोबर त्यांनी एक तराजू बनवला. चुंबकाजवळ पदार्थ किंचित हलतो. डोळ्याला न दिसणारी ती हालचाल प्रकाशाच्या व्यतिकरणाने पकडायची, अशी युक्ती. लंडनच्या ॲडम हिल्गर कंपनीने तो तराजू बाजारात आणला. १९३५ मध्ये दोघांनी या विषयावर पुस्तकही लिहिलं.

आता पैशाची गोष्ट. आमच्या केजकडे उन्हाळ्यात बोअरची गाडी येते, आणि काम मध्येच अडकलं की शेतकऱ्याचं तोंड उतरतं. रावळपिंडीकडे एका तेल कंपनीचं असंच झालं. ड्रिलिंगचा चिखल खारं पाणी लागताच घट्ट होई आणि काम ठप्प! भटनागरांनी त्यात देशी डिंक मिसळायला सांगितला. काम सुरू झालं. कंपनीने खूश होऊन संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळचे दीड लाख! सरांनी ते स्वतःकडे न ठेवता विद्यापीठाकडे वळवले. त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला.

१९४० मध्ये लाहोरची प्रयोगशाळा सोडून ते सरकारी संशोधनाच्या कामात उतरले. १९४२ मध्ये सी.एस.आय.आर. स्थापन झाली, तिचे ते पहिले प्रमुख. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जिचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला झालं, ती याच संस्थेची. आपल्यापैकी कितीतरी जण तिच्या गेटसमोरून पाषाण रोडने गेले असतील!

१ जानेवारी १९५५ ला हृदयविकाराने ते गेले. एम.आर.आय.चं पहिलं चित्र छापून आलं १९७३ ला. म्हणजे आपल्या मोजमापांचं नातं पुढे पेशंटच्या यकृताशी जुळेल, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला. २०२४ पासून तो ‘विज्ञान युवा’ या नव्या रूपात तरुण शास्त्रज्ञांना मिळतो.

फायनल इयरला विकतचा प्रोजेक्ट आणायचा की स्वतः काहीतरी खटपट करायची, यावर होस्टेलवर रात्र-रात्र चर्चा चालते. विकतच्याला मार्क चांगले पडतात, हेही खरं. पण मोजायचं यंत्र मिळत नाही म्हणून भटनागर थांबले नाहीत, त्यांनी ते केलं. मी आणि माझ्या पार्टनरने तरी ठरवलंय, यंदा प्रोजेक्ट विकत आणायचा नाही. बघू, जमतंय का!