विश्लेषण: बेंजामिन फ्रँकलिन यांनी थोरल्या मुलाला मृत्युपत्रात जवळपास काहीच का ठेवले नाही?

विजेवरील प्रयोगांसाठी आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील स्वाक्षरीसाठी बेंजामिन फ्रँकलिन (१७०६-१७९०) सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे मृत्युपत्रही तितकेच बोलके आहे. लग्नाआधीच्या संबंधातील मुलगा, लग्नानंतरची मुलगी आणि नातवंडे अशा कुटुंबात वाटणी कशी केली, हे त्यातून कळते.

विल्यम कोण होता?

विल्यमचा जन्म १७३०च्या सुमारास झाला. त्याची आई कोण, हे आजवर समजलेले नाही. १७३० मध्ये फ्रँकलिन डेबोरा रीड यांच्यासह संसार करू लागले आणि विल्यम त्याच घरात वाढला. डेबोरा यांचा मुलगा फ्रान्सिस १७३६ मध्ये चार वर्षांचा असताना देवीच्या आजाराने दगावला. मुलगी सॅली १७४३ मध्ये जन्मली. फ्रँकलिन यांनी विल्यमला लंडनमध्ये कायदा शिकवला. पुढे तो न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला.

बापलेकांत फूट का पडली?

स्वातंत्र्ययुद्धात वडील बंडखोरांच्या बाजूने, तर मुलगा ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिला. १७७६ मध्ये विल्यमला अटक झाली. सुटकेनंतर तो इंग्लंडला गेला. १७८५ मध्ये साउदम्प्टन बंदरात दोघे भेटले, पण मने जुळली नाहीत. ती त्यांची शेवटची भेट ठरली.

मृत्युपत्रात काय होते?

१७८८ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी त्यांनी मृत्युपत्र केले. विल्यमला नोव्हा स्कॉशियातील जमिनीचे हक्क आणि त्याच्याकडे आधीच असलेली पुस्तके व कागदपत्रे मिळाली. त्याच्याकडून येणे असलेली रक्कमही माफ केली. अधिक का दिले नाही, याचे कारणही त्यांनी लिहून ठेवले: युद्धात त्याने घेतलेली वडिलांविरुद्धची भूमिका. विवाहबाह्य जन्माचा त्यात उल्लेखही नाही.

फिलाडेल्फियातील घरांसह मोठा वाटा सॅली आणि जावई रिचर्ड बाश यांना गेला. सोळाव्या लुईने दिलेले हिरेजडित चित्रही सॅलीला मिळाले. मात्र त्या हिऱ्यांचे दागिने करू नयेत, अशी इच्छा त्यांनी नोंदवली. विल्यमचा मुलगा टेंपल याच्याकडे त्यांची हस्तलिखिते आली. मुलावरचा राग नातवावर काढला नाही. बहीण जेन यांना बॉस्टनमधील घर आणि वार्षिक रक्कम मिळाली. १७८९च्या पुरवणीत बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १,००० पौंड दिले, तेही २०० वर्षांच्या योजनेसाठी.

आपल्यासाठी यात काय?

हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास पहिल्या आणि दुसऱ्या लग्नाच्या मुलांना वडिलांच्या मालमत्तेत समान हक्क असतो. पण पत्नीच्या आधीच्या लग्नाचे मूल, म्हणजे सावत्र मूल, आपोआप वडिलांचे वारस होत नाही. त्याला काही द्यायचे तर मृत्युपत्र हवेच. त्यावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे. एखाद्या अपत्याला वगळायचे असेल तर कारण लिहिणे सक्तीचे नाही, पण पुढे कोर्टात शंका उपस्थित झाल्यास ते उपयोगी पडते. कोणाला काय आणि का, हे फ्रँकलिन यांनी स्पष्ट लिहिले होते.